या चुका टाळा: आर्गॉनची सवय ऑक्सिजनला लावू नका

कमी दाबाच्या आरएफ प्लाझ्मावर (रेडिओ-वारंवारतेच्या विजेने आयनित केलेल्या वायूवर) काम करणारे बहुतेक जण आर्गॉनवर हात बसवतात आणि मग त्याच चेंबरमध्ये ऑक्सिजन सोडतात. मॅचिंग (आरएफ पॉवर प्लाझ्मात नीट पोचवणारं सर्किट) जरा फिरवलं की १३.५६ मेगाहर्ट्झवर प्लाझ्मा पुन्हा पेटतो, लँगम्युर प्रोबचा (प्लाझ्मात बुडवलेली तार; तिचं व्होल्टेज बदलत प्रवाह मोजतात) आलेखही ओळखीचाच दिसतो. घोळ सुरू होतो तो इथेच. आर्गॉनमध्ये धन आयन आणि इलेक्ट्रॉन एवढाच हिशोब असतो. ऑक्सिजनमध्ये पाच-सहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन रेणूवर आदळला तर रेणू फुटतो आणि एक अणू तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ठेवून घेतो. हा झाला ऋण आयन. म्हणून धन आयनांची घनता मोजून तीच इलेक्ट्रॉनची म्हणून लिहू नका. ऋण आयन इलेक्ट्रॉनांच्या चौपट असतील (हे गुणोत्तर म्हणजे अल्फा), तर खरी इलेक्ट्रॉन घनता तुमच्या आकड्याच्या एक-पंचमांश निघेल.

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो प्रोबच्या आलेखात ऋण आयन शोधण्यात. जरा गणित मांडून पाहा. ऑक्सिजनचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे २९,००० पट जड, म्हणजे तापमान सारखं असतं तरी इलेक्ट्रॉन १७० पट वेगवान. तापमानही (प्लाझ्मात तेही इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच सांगतात) सारखं नसतं: इलेक्ट्रॉन ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आणि ऋण आयन ०.०५ चे धरले, तर वेगातला फरक सुमारे १३०० पट होतो. अल्फा १० असला, तरी प्रोबवर येणाऱ्या ऋण प्रवाहात ऋण आयनांचा वाटा एक टक्काही भरत नाही. तेव्हा आलेख नेहमीसारखा आला म्हणून ‘ऋण आयन नगण्य’ असं लिहू नका. आलेखाच्या धन आणि ऋण प्रवाहाच्या दोन बाजू सारख्या दिसू लागतात, ते इलेक्ट्रॉन जवळजवळ संपल्यावरच. शिवाय प्रोबला १३.५६ आणि २७.१२ मेगाहर्ट्झसाठी चोक (ती वारंवारता अडवणारी कॉइल) नसतील, तर आरएफमुळे आलेख आधीच पुसट झालेला असतो. त्यातल्या बारीक वळणांवर विश्वास ठेवू नये.

दुसरीकडे काही जण भिंतीशी मास स्पेक्ट्रोमीटर (आयन वस्तुमानानुसार ओळखणारं यंत्र) लावतात आणि ऋण आयन दिसत नाहीत म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. पण चालू प्लाझ्मात ते दिसणार कसे? प्लाझ्माचं विभव भिंतीपेक्षा कित्येक व्होल्टने धन असतं. एवढ्याशा ऊर्जेच्या ऋण आयनाला तो चढ ओलांडता येत नाही, तो मध्यभागीच अडकून राहतो. आरएफ पल्समध्ये चालवा आणि पल्स बंद झाल्यानंतरच्या वेळेत मोजा. आधी इलेक्ट्रॉन निघून जातात, शीथ (भिंतीलगतचा हा विभवाचा चढ असलेला थर) कोसळतं, मग ऋण आयन भिंतीपर्यंत पोचतात. वायू बदलला तर ही वेळ पुन्हा शोधा. क्लोरिन थंड झालेल्या इलेक्ट्रॉननाही पकडतो, त्यामुळे पल्स बंद झाल्यावरही ऋण आयन बनत राहतात. ऑक्सिजनमध्ये इलेक्ट्रॉन थंड झाले की ही निर्मिती थांबते.

खात्रीचं मोजमाप हवं असेल तर लेसरने ऋण आयनावरचा इलेक्ट्रॉन सुटा करा आणि प्रोबवर क्षणभर वाढलेला प्रवाह टिपा. इथे लेसरची निवड चुकते. हिरव्या ५३२ नॅनोमीटरचा फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, ऑक्सिजनला १.४६ पुरतात, तेव्हा काम होतं. फ्लोरिनला ३.४० लागतात, म्हणजे ३५५ नॅनोमीटर जेमतेम चालेल. क्लोरिनला ३.६१, तिथे २६६ वर जावं लागतं. हाताशी आहे म्हणून सल्फर हेक्साफ्लोराइडवर हिरवा लेसर मारायचा आणि फ्लोरिनचे ऋण आयन नाहीत असा निष्कर्ष काढायचा, याला प्रयोग म्हणत नाहीत. लेसरची ऊर्जा वाढवत न्या. सिग्नल वाढायचा थांबला तरच किरणातल्या सगळ्या आयनांचे इलेक्ट्रॉन सुटले असं समजा. प्रोबचा बायस (त्याला दिलेलं व्होल्टेज) प्लाझ्मा विभवाच्या वर ठेवा. आणि तोच लेसर शुद्ध आर्गॉनमध्ये चालवून पाहा: तिथेही सिग्नल आला, तर लेसर प्रोबच्या टोकाचाच धातू उडवतो आहे.

शेवटचा मुद्दा भिंतीचा. एखाद्या शोधनिबंधातला अल्फा आणि तुमचा अल्फा जुळत नसेल, तर लगेच प्रोबला दोष देऊ नका. ऑक्सिजनच्या रेणूची ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दीर्घायुषी उत्तेजित अवस्था ऋण आयनावर आदळून इलेक्ट्रॉन मोकळा करते, सुटे अणूही तेच करतात. ही दोन्ही मंडळी किती टिकतात हे भिंतीच्या पृष्ठभागावर ठरतं, त्यामुळे तोच दाब आणि तीच पॉवर असूनही स्टीलच्या आणि काचेच्या चेंबरमध्ये अल्फा वेगळा येतो. त्यातही तो सगळीकडे एकसारखा नसतो: मध्यभागी जास्त, शीथच्या कडेला जवळजवळ शून्य. म्हणून अल्फाचा आकडा देताना भिंत कशाची, आधी कोणता वायू चालवला होता आणि प्रोब मध्यापासून किती अंतरावर होता, हे त्याच ओळीत लिहा.