ट्रॅक्टरला बॅकहो घेताय? आधी बैठक बघा

वाळवा-मिरजेकडची क्षारपड रानं सुधारायची तर निचऱ्याचे चर काढावेच लागतात. दर वेळी भाड्याचं मशीन परवडत नाही, म्हणून घरच्या ट्रॅक्टरला मागे बॅकहो, म्हणजे बकेट लावलेला खोदायचा हात, बसवायचं मनात येतं. (आपल्याकडे त्यालाही जेसीबीच म्हणतात.)

दुकानात पहिला प्रश्न असतो, 'किती फूट खोल जातो?' तो नंतर विचारा. आधी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत एचपी आणि मागे किती किलो वजन चालतं ते बघा, बॅकहोचं वजन लिहून घ्या. मग बैठक, म्हणजे बॅकहो ट्रॅक्टरला कसा जोडलाय ते. नुसता तीन-पॉइंट लिंकेजवर (अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांवर) टांगलेला स्वस्त पडतो, पण खोदायचा सगळा जोर टॉप लिंकवर (वरच्या दांडीवर) आणि मागच्या हौसिंगवर (गिअर-एक्सलच्या पेटीवर) येतो. टॉप लिंक तुटली तर बॅकहो वर उसळतो आणि चालवणारा त्याच्यात नि ट्रॅक्टरमध्ये सापडतो. सब-फ्रेमची, म्हणजे ट्रॅक्टरच्या खालून बोल्टने बसवलेली, चौकट तोच जोर चासीवर वाटून घेते. चार पैसे जास्त गेले तरी हीच घ्या. पुढे वजनं लावा, नाहीतर रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागतं. पीटीओवरचा (इंजिनची ताकद मागे देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) पंप असेल तर शाफ्टचं कव्हर काढून ठेवू नका.

खोदण्याआधी शेजाऱ्याला विचारा. त्याची पाइपलाइन आपल्या रानातून गेलेली असते आणि नेमकी कुठून, हे फक्त त्याच्या वडलांना ठाऊक असतं. वर विजेची तार असेल तर बूम (बॅकहोचा लांब हात) उभा करायची जागाच बदला.

ट्रॅक्टर सपाटीला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बकेट जमिनीवर, मग बॅकहोच्या दोन बाजूंचे जॅक (टेकू पाय) टेकवा. ओल्या काळ्या रानात जॅकखाली जाड फळ्या हव्यातच. मी एकदा आळस केला. एक जॅक हातभर रुतला, ट्रॅक्टर कलला आणि अर्धा दिवस तो काढण्यात गेला. उतारावर भरलेली बकेट वरच्या अंगाला फिरवून रिकामी करा. बकेट आडवी मारून माती लोटू नका, बूमची पिन वाकते. बूम फिरतो तेवढ्या घेरात माणूस नको, पोरं तर नकोच.

काढलेली माती चराच्या कडेपासून दोन-तीन फूट लांब टाका. काळी माती भेगाळलेली असते, कड न सांगता ढासळते. खोल चरात आधार लावल्याशिवाय कुणाला उतरवू नका.

होजमधून ऑइल झिरपत असेल तर हात फिरवून शोधू नका, बारीक फवारा कातडीत घुसतो. पुठ्ठा धरून बघा. उतरताना बकेट खाली, इंजिन बंद, मग सगळे लिव्हर हलवून दाब सोडा. रस्त्याला लागण्याआधी बूमची लॉक पिन घालून घ्या.