सायकलचे पंक्चर घरी काढताना

इंदूरमध्ये सिरपूर तलावाकडे सायकलने जाणाऱ्यांना बाभळीचा काटा नवा नाही. चाक काढून टायरची एक कड लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या चपट्या पट्टीने, रिमबाहेर घ्यावी. स्क्रूड्रायव्हर मुळीच वापरू नये, त्याने ट्यूबला दुसरे छिद्र पडते. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवावी आणि जिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघेल, ती जागा पुसून पेनाने खूण करावी. मग तिथे पॉलिश पेपरने घासून सोल्यूशनचा, म्हणजे पॅच चिकटवायच्या गोंदाचा, पातळ थर द्यावा आणि तो बोटाला लागेनासा होईपर्यंत, म्हणजे सुमारे ५ मिनिटे, धीर धरावा; नवशिक्यांचा पॅच सुटतो तो बहुधा इथल्याच घाईमुळे. पॅच घट्ट दाबल्यावर टायरच्या आतून फडके फिरवून रुतलेला काटा काढावा. ट्यूब किंचित फुगवून आत बसवावी आणि कड हातांनीच चढवावी.