दिवाळीत कुत्रं-मांजर घाबरतं? निदान या चुका तरी टाळा

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जनावरांच्या डॉक्टरांना येणारा फोन ठरलेला असतो. ‘डॉक्टर, याला झोपेचं काहीतरी सांगा ना, मेडिकलमधून आणतो.’ कुत्रं धनत्रयोदशीपासून पलंगाखाली बसलेलं असतं आणि घरच्यांना जाग येते ती माळा लागायला दोन तास उरल्यावर.

या घाईतूनच सगळ्यात वाईट चूक होते. गावाला गाडीतून नेताना दिलेली गोळी कपाटात उरलेली असते, पुष्कळदा ॲसिप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाची. तिने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. काही कुत्री तर आवाजाला जास्तच दचकतात. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधला कुठलाही लॅब्रॅडॉर घ्या. सातला गोळी दिली, पाऊण तासाने पोडियमवर सुतळी बॉम्ब सुरू झाले. तो उठायला जातो, मागचे पाय साथ देत नाहीत. पडल्या जागी थरथरतो, लाळ गळते, बाहुल्या विस्फारलेल्या. घरचे म्हणतात, ‘बघा, किती शांत पडलाय.’ शांत कसला, त्याला पळता येत नाहीये! असा कुत्रा पुढच्या वर्षी गणपतीतल्या ताशालाच लपायला लागला, तर नवल नाही.

भीती उतरवणारी औषधं वेगळी असतात. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिन डॉक्टर सहसा देतात. डोस वजन, वय, हृदय-यकृत बघून तेच ठरवतील, शेजारच्यांच्या कुत्र्याचा डोस आपल्याला लागू नाही. दसऱ्याच्या सुमारास जाऊन या. एका शांत रविवारी गोळी देऊन बघा, कारण एखादं कुत्रं झोपण्याऐवजी चेकाळतं आणि ते आधी कळलेलं बरं. खऱ्या दिवशी गोळी आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी पोटात जायला हवी. एकदा कुत्रं बिथरलं की तीच गोळी निम्मंही काम करत नाही. आणि माणसांचं गॅबापेन्टिनचं सिरप चुकूनही देऊ नका. त्यात गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्यांना विष आहे.

दुसरी चूक फिरवण्याची. ‘फटाके आठनंतर, आपण सातला पटकन जाऊन येऊ.’ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली खरी, पण गल्लीतल्या पोरांनी ती वाचलेली नसते. दिवाळीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचला बाहेर पडा आणि अंधाराआधी घरात या. जेवणही सहापर्यंत उरका. नरक चतुर्दशीची पहाट तर सगळेच विसरतात. अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं, की पाचलाच पहिला बार. त्यात दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रोडवर उसळणारी गर्दी आणि ढोल. त्या दिवशी सकाळची फेरी उजाडल्यावर, आवाज निवल्यावरच.

पट्ट्याचंही बघा. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरकतं आणि सैल हार्नेसमधून डोकं काढून घेतं. हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना साखळी लावा. पट्ट्याखाली दोनच बोटं जायला हवीत. पट्ट्यावर आजचा मोबाइल नंबर असू द्या, कातडीखाली मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्या नोंदीतलाही तपासा. कुत्रं सुटलंच तर हाका मारत मागे धावू नका. ते आणखी लांब, थेट हमरस्त्यावर जाईल. पार्किंगमधल्या गाड्यांखाली, जिन्याच्या कोपऱ्यात, नाल्याच्या कडेला शोधा. फटाके थांबल्यावर, रात्री एकनंतर, हातात खाऊ घेऊन पुन्हा जा. दिसलं तर खाली बसा, त्याच्याकडे रोखून न बघता.

घरात काय? बाल्कनीत ठेवायचं नाही, कानात कापूस कोंबायचा नाही, ओरडायचं नाही. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज सोडून द्या. बाहेरच्या भिंतीला न लागणारी खोली निवडा. टू बीएचकेत ती बहुतेक पॅसेज किंवा बाथरूम असते. दार उघडं ठेवा, आत त्याचीच जुनी गोधडी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना फट असते, तिथे टॉवेल कोंबा. जाड पडद्याने लखलखाट अडतो, पण सुतळीचा धमाका स्लॅबमधून येतोच. त्याला झाकायला पंखा, एक्झॉस्ट, वॉशिंग मशीन, असा सलग घुमणारा आवाज लागतो, आणि तो पहिल्या बारच्या आधीपासून. प्रत्येक धमाक्यानंतर लगेच चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज, मग खाऊ. तुकड्याकडे ते ढुंकूनही बघत नसेल तर भीती फार पुढे गेली आहे, बळजबरी नको.

फटाक्यांचा आवाज ऐकवून सवय करण्याचं खूळ लोकांना नेमकं वसुबारसेला सुचतं. मोबाइल फुल व्हॉल्यूमवर! हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे. इतक्या हळू आवाजात लावा की कान टवकारले तरी खाणं थांबणार नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तीन-चार दिवस काही वाटलं नाही तरच आवाज एक घर वाढवा. मोबाइलच्या स्पीकरला खर्ज नसतो, मोठा स्पीकर घ्या. उतावळ्यांनी या वाटेला जाऊच नये, कुत्रं आणखी बिघडतं.

मांजर कपाटावर किंवा पलंगाच्या बॉक्समध्ये घुसलं तर ओढून काढू नका. मातीचा ट्रे आणि पाणी त्याच खोलीत ठेवा, खिडकीला जाळी असल्याची खात्री करा.

पाडव्याच्या सकाळी रस्ताभर न फुटलेल्या सुतळ्या आणि फटाक्यांच्या दारूचा कागद पडलेला असतो. त्यात बेरियमसारखी विषारी रसायनं असू शकतात. कुत्र्याने तोंडात घेतलं तर ताबडतोब काढा. गिळलं असेल तर ओकारी काढायचे घरगुती उपाय न करता डॉक्टरांना गाठा, आणि पाकिटाचा तुकडा सापडला तर सोबत न्या.