पंचगंगेला पाणी असताना कयाक काढायची तर

"मामा, पाऊस थांबलाय, जाऊया की!" जुलैतल्या पहिल्या उघडिपीला भाच्याचा फोन येतोच. मी त्याला एकच विचारतो, नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? कालचं आणि आत्ताचं, दोन्ही सांग.

कोल्हापुरात पाऊस थांबला म्हणून नदी थांबत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन ती प्रयाग चिखलीहून आपल्याकडे येते. रात्री गगनबावड्यात कोसळलं की इथं ऊन असतानाही पाणी चढतं. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. दरवाजा उघडल्याची बातमी असेल त्या दिवशी माझी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घरातून हलत नाही.

राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे गावं रिकामी करण्यासाठी आहेत, कयाकवाल्यांनी त्यांच्या जवळपासही जायचं नाही. माझी स्वतःची मर्यादा २० फूट, तीही लागोपाठ तीन नोंदींत पाणी उतरत असेल तर. चढत्या पाण्यात झाडं, ओंडके, केंदाळ (जलपर्णी) सगळं वाहत येतं. प्रशासनानं नदीत उतरू नका म्हटलं असेल तर प्रश्नच मिटला.

घाटावर पोचल्यावर लगेच बोट उतरवू नका. पाण्याच्या कडेला काडी रोवा किंवा पायरी मोजून ठेवा आणि अर्धा तास बसा. काडी बुडाली तर घरी. मग वाहत्या पाल्याबरोबर काठानं चालून बघा. नेहमीच्या चालीनं त्याला गाठता येत नसेल तर त्या धारेविरुद्ध तुमचं वल्हं पुरणार नाही. शेतकऱ्यांकडेही लक्ष असू द्या. ते नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी ओढून वर घेत असतील तर नदी चढणार हे त्यांनी ओळखलेलं असतं.

निघायचं ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला, चिखलीच्या दिशेनं. काठाजवळ धार मंद असते, तिथून वल्हवत जा. दम संपला तर पाणी तुम्हाला परत घाटाकडे आणतं. आधी खाली गेलात तर परतीला धार अंगावर आणि हात थकलेले. नदी ओलांडायची तर कयाकचं तोंड धारेविरुद्ध थोडं तिरकं धरा आणि पलीकडे सरकत जा. पूर्ण आडवी झाली की ती धारेबरोबर खाली चालली. झाडावर किंवा पुलाच्या खांबावर आडवे आदळलात तर अंग अडथळ्याकडे झुकवा. भीतीनं माणूस उलट्या बाजूला झुकतो, पाणी कयाकवर चढतं आणि ती पालथी होते.

काठाजवळचं म्हणजे बाभळीत शिरणं नव्हे. बुडालेल्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस मात्र अडकतो. उसात पाणी शिरलं असेल तर तिकडेही नको, पाण्याखाली मोटारीच्या केबली असतात.

आता बंधारा. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणजे दगडी खांब आणि मधल्या गाळ्यांत पाणी अडवायला बसवायचे बरगे, म्हणजे फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढतात, म्हणून गाळे मोकळे दिसतात आणि पोरांना वाटतं मधून निघून जाऊ. त्या गाळ्यांत पाणी खेचतं, वरून आलेला ओंडका आत आडवा बसलेला असतो आणि तो तुम्हाला दिसत नाही. पाणी वाढून बंधारा बुडाला की वरून फक्त एक गुळगुळीत रेघ दिसते. त्या रेघेच्या खाली पडणारं पाणी उलटं वळून परत बंधाऱ्याकडे येतं. त्यात सापडलेली वस्तू आत ओढली जाते, वर येते, पुन्हा आत जाते. मी एकदा त्यात ट्रॅक्टरची ट्यूब पाहिली. आम्ही होतो तोवर ती तिथंच गरगरत होती. जाकीट घातलेला माणूसही तसाच फिरेल. त्या दिवसापासून फुगलेल्या पाण्यात मी राजाराम बंधाऱ्याकडे कयाक नेलेली नाही, भाच्यालाही नेऊ देत नाही.

किमान दोन बोटी आणि काठावर दोर घेऊन एक माणूस, याशिवाय नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा. हेल्मेट आणि शिट्टी हवीच. कमरेला दोर बांधून बोटीला अडकवू नका. पालथे झालात तर पाठीवर या, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा, उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडात पाय अडकला तर धार डोकं खाली दाबते. कयाक गेली तर जाऊ द्या.

हे पाणी शहराचं सांडपाणी घेऊन आलेलं असतं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर दोर धरायचं काम तुमचं. घरी आल्यावर साबणानं आंघोळ करा आणि पुढच्या काही दिवसांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना आपण पुराच्या पाण्यात होतो हे आधी सांगा, म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) तपासणी लवकर होते.