जिल्हा उद्योग केंद्रात जाण्यापूर्वी

जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकारी म्हणजे कर्ज देणारा माणूस, अशी समजूत घेऊन नवे उद्योजक त्या कार्यालयात जातात आणि तिथेच गल्लत होते. उद्योजकाला निरनिराळ्या खात्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, यासाठी १९७८ मध्ये ही केंद्रे सुरू झाली. अधिकारी अर्ज तपासतो, तो सरकारी कर्ज-अनुदान योजनेत बसतो की नाही ते पाहतो आणि बँकेकडे शिफारस करतो. कर्ज मंजूर करणे मात्र बँकेच्याच हाती असते. त्यामुळे विनवण्यांपेक्षा शिफारस करण्याजोगे प्रकरण घेऊन जावे.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, करावी. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, तेव्हा एजंटाला पैसे मोजू नयेत.

खरी मेहनत प्रकल्प अहवालावर घ्यावी. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे तयार अहवाल अधिकाऱ्याने शेकड्याने पाहिलेले असतात. मिरची कांडपाच्या अहवालात बाराही महिने सारखीच विक्री दाखवली, की "पावसाळ्यात काय कांडणार?" हा प्रश्न ठरलेलाच. त्याऐवजी उन्हाळ्यातील हंगाम आणि उरलेल्या महिन्यांतील हळद किंवा मसाल्याचे काम वेगवेगळे मांडावे, यंत्राच्या कोटेशनमध्ये मोटरची अश्वशक्ती आणि जीएसटी स्पष्ट असावा आणि विजेचा भार त्या अश्वशक्तीशी जुळावा. खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल आणि रोजच्या खर्चाला लागणारा पैसा, लोक हमखास विसरतात. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या राज्य सरकारच्या योजनेत अनुदान प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के असते, पण ते रोख हातात पडत नाही. तीन वर्षे बँकेतच अडकून राहते. त्या रकमेतून कच्चा माल घेण्याचा बेत अहवालात आखला असेल, तर तो आधीच काढून टाकावा.

बँकेने प्रकरण परत केल्यास कारण लेखी मागावे आणि ते पत्र घेऊन पुन्हा अधिकाऱ्याकडे जावे. "साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर त्याला बँकेशी पत्रव्यवहार करता येत नाही.

उद्योग सुरू झाल्यावरही, विशेषतः थकलेल्या बिलांसाठी, या कार्यालयात मार्गदर्शन मागता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. दाद याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे मागायची असते. उद्यम नोंदणी माल दिल्यानंतरची असेल तर वाद उद्भवतो, म्हणून ती आधीच करण्याचा आग्रह. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. तेव्हा माल पोहोचवल्याच्या चलनावर सहीबरोबर तारीखही तिथल्या तिथे घालून घ्यावी.