शीर्षकसंगीताची धून आधी गळ्यातून काढा

अद्भुतरम्य मालिकेचं शीर्षकसंगीत ढोल, कोरस घालून भव्य होतं, पण भाग संपला की चाल कुणाच्या तोंडी राहत नाही. त्यावर हे करून बघा.

१. कीबोर्ड बंद ठेवा, फक्त तानपुरा लावा. मोबाइलवरचाही चालतो. पण आपण सांगलीकर, तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध मिरज आपल्या शेजारीच. मिरजेचा खरा तानपुरा हाताशी असेल तर तोच घ्या. जवारीची आस (तारेचा रेंगाळणारा झंकार) कानात भरली की सूर आपोआप सुचतात.

२. पाच-सहा स्वरांचा एकच तुकडा गुणगुणून रेकॉर्ड करा. त्यात एक मोठी उडी आणि एखादा कोमल स्वर हवाच. उदाहरणार्थ सा, प, कोमल ध, प, कोमल रे, सा. उडीत साहस येतं, कोमल रिषभात गूढ.

३. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग न ऐकता म्हणून बघा. आठवला नाही तर तो तुकडा सोडून द्या. कितीही वाद्यं चढवली तरी तो लक्षात राहणार नाही.

४. टिकला तर युद्धप्रसंगाला तोच दुगुणीत (दुप्पट वेगात), विरहाला विलंबित (संथ) बासरीवर.

एक सांभाळा: फार सहज सुचलेली धून बऱ्याचदा जुन्या गाण्यातली निघते. निर्मात्याकडे पाठवण्याआधी दोन-तीन कानसेनांना ऐकवा.