बोटीवर दोन स्कुबा डाइव्ह, मग छोटे ट्विन टँक (पाठीवर जोडून लावलेले दोन हवेचे टँक) कुठले घ्यायचे?

आधी आपला हवेचा खर्च काढा, टँक नंतर. समजा पृष्ठभागावर मिनिटाला 15 लिटर लागतात, तर 18 मीटरवर दाब 2.8 बार म्हणजे 42 लिटर, 40 मिनिटांत 1680 झाले, आणि दुसरी डाइव्ह 12 मीटरवर तेवढाच वेळ केली की अजून 1320.

आता ट्विन 7 मध्ये (7-7 लिटरचे दोन टँक) 232 बार दाबापर्यंत भरले की साधारण 3250 लिटर मावतात, दोन्ही डाइव्हचे 3000 गेले म्हणजे शेवटी 18 बारच उरतात, हे नाहीच चालणार! ट्विन 8.5 मध्ये 55 च्या आसपास उरतात, म्हणून दोन डाइव्हसाठी माझं मत 8.5 लाच. मधे रिफिल मिळत असेल तर 7 मस्त, शिडी चढताना पाठ दुवा देते.

मॅनिफोल्ड (दोन टँक जोडणारी नळी) आयसोलेटरवालाच, म्हणजे दोन्ही टँक वेगळे करणारा मधला व्हॉल्व्ह असलेलाच घ्या, आणि पाठीवर सेट असताना हात मागे नेऊन व्हॉल्व्ह फिरवता येतो का ते दुकानातच बघा, लाजू नका. स्टीलच बरं, अॅल्युमिनियम रिकामं झालं की वर ओढतं. पाण्यात खाली राहण्यासाठी लावायच्या वजनाचा हिशोबही टँक जवळजवळ रिकामे असताना करा, कारण भरलेल्या हवेचंच 4-5 किलो असतं.